ट्रेकला कोणतं भगुनं न्यावं?

लातूरच्या गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या काळी गिऱ्हाइकीचे हंगाम दोनच, लग्नसराई आणि दिवाळी. आता तिसरा लागलाय. मे महिन्यात 'नीट'ची परीक्षा देऊन मोकळी झालेली पोरं येतात, पावसाळ्यात कॉलेजची पोरं-पोरी येतात, आणि मोबाईल पुढे करतात. स्क्रीनवर अकरा नगांच्या कॅम्पिंग सेटचा फोटो. "काका, असलं काही आहे का? आम्ही अंतूरच्या किल्ल्याला जायलाव."

सेट वाईट नसतो, पण नग मोजून बघा. स्पंज हा एक नग, जाळीची पिशवी दुसरा, प्लॅस्टिकची भातवाढी तिसरा, घडीचा चमचा चौथा. शिजवायची भांडी त्यात दोन, फार तर तीन, आणि त्यातलं फ्राय पॅन बहुतेकांच्या सॅकमधून जसं गेलं तसं परत येतं. मी स्वतः सॅक घेऊन फिरणारा माणूस. आपल्याकडं बालाघाटात, कन्नड-सोयगावच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगरात, सवड मिळाली तर सह्याद्रीत. काउंटरवर भांडं विकणं वेगळं आणि वेताळवाडीचा चढ चढताना तेच भांडं पाठीवर असणं वेगळं. म्हणून कुणी फोटो दाखवला की मी मालाला हात लावायच्या आधी विचारतो, "करणार काय? कशावर? अन् किती जण?"

करणार काय?

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की निम्मी खरेदी तिथंच आटपते. फक्त चहा, कॉफी, मॅगी किंवा पाकिटातलं सूप असेल, तर तुम्हाला पाणी उकळायचंय, स्वयंपाक करायचा नाही. त्याला एक उभट भांडं आणि झाकण बास. खिचडी, भात, येसराची आमटी करायची असेल तर थोडं रुंद, बुडाला जरा जाड भांडं लागेल. आणि भाकरी, पिठलं, रस्सा असा सगळा बेत असेल, तर तो पाठीवर न्यायचा बेतच नव्हे. तो नाथसागराच्या काठी गाडी लावून किंवा कुणाच्या शेतात हुरड्याला जाऊन करायचा. तिथं घरातलं लोखंडी तवा-कढई गाडीत टाका, नवं काही घेऊ नका.

मराठवाड्याच्या माणसाची यात एक सोय आहे. आपल्या घरातला बराच खाऊ आधीच प्रवासाला तयार असतो. धपाटे थंडीच्या दिवसांत दोन दिवस सहज टिकतात. ज्वारीची कडक भाकरी त्याहून जास्त. सोबत शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा. येसर तर भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठच. उकळत्या पाण्यात कालवून सोडायचं, वर कच्चं तेल घ्यायचं. सातूच्या पिठाला तेवढीही गरज नाही. सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, करायचा तर मुरमुरे वजनाला काहीच नाहीत, फक्त ते भिजवून पिळायला पाणी आणि फोडणीला पसरट बूड लागतं. असा बेत आखला की दोन दिवसांत भगुनं चुलीवर फार तर चार वेळा चढतं.

पाण्याचाही हिशेब इथंच करा. फेब्रुवारीनंतर आपल्याकडच्या किल्ल्यांवरची टाकी आटायला लागतात आणि स्वयंपाकाचं पाणीही पाठीवर न्यावं लागतं. पास्ता उकळून पाणी ओतून द्यायचे लाड सह्याद्रीत ऑगस्टात करा. इकडं जे पाणी घालाल ते पदार्थात मुरलं पाहिजे.

जर्मन, स्टील की टायटॅनियम

आमच्या दुकानात ॲल्युमिनियमला सगळी गिऱ्हाइकं जर्मनच म्हणतात आणि नाक मुरडतात. जर्मन म्हणजे गरिबाघरचं. ट्रेकच्या कामाला मात्र ते पहिल्या नंबरवर बसतं, आणि कारण साधं आहे. त्याची घनता २.७, स्टीलची ८ च्या आसपास. शुद्ध ॲल्युमिनियम उष्णता पुढं नेतं ती ३०४ स्टीलच्या, म्हणजे भांड्यांच्या चांगल्या ग्रेडच्या स्टीलच्या, जवळपास १५ पट. ट्रेकचा बर्नर लहान, ज्योत मधोमध लागते. ॲल्युमिनियमच्या बुडात ती ऊब कडेपर्यंत पसरते. पातळ स्टीलच्या बुडात ती जिथं लागली तिथंच राहते, आणि खिचडीच्या मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका धरतो. तो वास मग सगळ्या खिचडीला.

साध्या ॲल्युमिनियमची अडचण आंबटाशी. चिंचेचं सार, टोमॅटो, ताकाची कढी त्यात शिजवली तर धातूचा थोडा अंश उतरतो, चव बदलते. शिजवून लगेच खाल्लं तर बिघडत नाही. रात्रभर तसंच ठेवू नका. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर, म्हणजे त्या काळपट-राखाडी भांड्यांवर, ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा जाड, टणक थर चढवलेला असतो. त्यामुळं आंबट चालतं, ओरखडे कमी पडतात. दोन-तीन जणांच्या गटाला माझी शिफारस हीच. सव्वा-दीड लिटरचं झाकणासकट दोनशे-अडीचशे ग्रॅममध्ये बसतं. तेवढ्याच मापाचं चांगलं स्टीलचं भगुनं झाकण धरून अर्ध्या किलोच्या घरात जातं. हिंडालियमचं भगुनं टिकाऊ, पण घरच्या वापरासाठी जाड केलेलं असतं, म्हणून घ्यायच्या आधी काट्यावर ठेवा.

स्टीलची बाजूही मांडतो, कारण ती कमी नाही. गट मोठा, हाताळणी धसमुसळी, चूल लाकडाची, घासायला राख-माती, तर स्टीलला पर्याय नाही. पोचा पडेल, काळं होईल, पण दहा वर्षं टिकेल. शाळेच्या सहलीला, स्काउटच्या कॅम्पला मी स्टीलच देतो. घेताना गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७. पाठीवर न्यायला २२ ठीक, चुलीवर खिचडी करायची तर २०. आणि एक गैरसमज. लोक खिशात चुंबक घेऊन येतात, चिकटलं नाही की म्हणतात हे अस्सल ३०४. तसं नसतं. कमी निकेल आणि जास्त मँगनीजचं २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही. चुंबकानं फार तर त्याला चिकटणारं ४३० ग्रेड ओळखू येतं. भांड्यावरचा शिक्का बघा. स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआय खूण असावी असा केंद्र सरकारचा २०२४ चा आदेश आहे, तेव्हा ती खूण मागायला लाजू नका.

टायटॅनियम आम्ही ठेवत नाही, गंजगोलाईत कोण घेणार. पण हाताळलंय. साडेसातशे मिलिलिटरचं भांडं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, हातात घेतलं तर रिकामं डबडं वाटावं. गंजत नाही, आंबटाला दाद देत नाही. पण पत्रा कागदासारखा आणि उष्णता पसरवण्यात स्टीलच्याच पंगतीतला, म्हणून त्यात पाणी उकळावं, भात लावू नये. एकट्यानं हिमालयात आठ-दहा दिवस चालणाऱ्यानं हजारो रुपये घालावेत. दोन दिवस औंढ्या-माहूरकडं फिरणाऱ्यानं तेच पैसे चांगल्या बुटात घालावेत.

तांबं-पितळ? दिसायला देखणं, पण वजन आणि वर कल्हई. ते रुखवतात शोभतं.

केवढं घ्यायचं

भांड्यावर लिहिलेलं माप काठोकाठचं असतं. शिजवताना दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नसतं, नाहीतर खिचडीचा फेस आणि चहाचं दूध बर्नरवर. म्हणजे दीड लिटरच्या भांड्यात कामाची जागा एक लिटर.

त्यावरून उलटा हिशेब असा. एकट्याला ७५० ते ९०० मिलिलिटर. दोघांना दीड लिटर: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चारपट पाणी, बरोबर तेवढ्यात बसतं. चौघांना एकच तीन लिटरचं, आणि त्याच्या पोटात बसणारं एक लहान, चहासाठी. चौघांपेक्षा जास्त असाल तर एक अवजड भांडं नेण्यापेक्षा दोन गट करा, दोन बर्नर, दोन भगुनी. जेवणं लवकर होतात आणि भांडणं कमी.

आता व्यास. आमच्या गल्ल्याखालच्या खणात मी २३० ग्रॅमचा एक रिकामा गॅसचा डबा ठेवलाय, तो स्क्रूचा, म्हणजे वर बर्नर फिरवून बसवायचा, बुटका. कुणी ट्रेकचं भांडं मागितलं की तो डबा आधी भगुन्यात घालून दाखवतो. डब्याचा व्यास ११ सेंटिमीटरच्या आसपास असतो. भांडं आतून १३-१४ सेंटिमीटर रुंद आणि १० उंच असेल तर डबा आत बसतो, कडेच्या फटीत बर्नर आणि लायटर, वर झाकण. सॅकमध्ये एकच गोळा. हेच भांडं काठोकाठ १.३ ते १.५ लिटरचं भरतं. त्या मापात सगळं जुळून येतं, म्हणून दोघा-तिघांना मी ते सोडून दुसरं दाखवतच नाही. १२ च्या आतलं घेतलंत तर डबा बाहेर राहतो आणि सॅकमध्ये दोन वस्तूंची जागा जाते. तुम्ही लहान, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा डबा वापरत असाल तर तो अरुंद भांड्यातही जातो.

एकात एक बसणाऱ्या भगुन्यांचा सेट आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो, नंबरावर. त्यातली लागोपाठची दोन काढून घेतली की चौघांचा कॅम्पिंग सेट तयार. दुकानदार सेट फोडायला कुरकुर करतो, पण वजनावर विकत असेल तर देतो. जुनं मोडीत दिलंत तर आणखी स्वस्त पडेल. भाव इथं लिहीत नाही, तो आठवड्याला बदलतो.

कशावर ठेवणार?

भांडं आणि ज्योत यांची जोडी जमली नाही तर गॅस हवेत जातो. हिशेब करून बघा: २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम ब्यूटेनमधून साधारण ४५ किलोज्यूल मिळतात. म्हणजे कागदावर ७ ग्रॅम पुरे. प्रत्यक्षात निम्मी ऊब भांड्याच्या कडेनं निघून जाते, म्हणून १४-१५ ग्रॅम धरा, तेही झाकण ठेवून आणि वारा नसताना. या हिशेबानं २३० ग्रॅमच्या डब्यात चौघांचा दोन दिवसांचा चहा, एकदा मॅगी आणि एकदा खिचडी निघते. झाकण विसरलात आणि वारा सुटला की हाच डबा दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहाला सुस्कारा टाकतो.

वारा अडवायला डब्याभोवती पत्रा किंवा फॉइल गुंडाळू नका. ऊब आत कोंडते, डबा तापतो. वारा येतो त्या एकाच बाजूला हातभर अंतरावर दगड लावा. मधूनमधून डब्याला हात लावून बघा. कोमटपेक्षा जास्त लागला तर बंद करा. भांडंही बर्नरच्या मानानं फार रुंद नको, कारण रुंद बूड ऊब खाली डब्यावर फेकतं. स्क्रूच्या छोट्या बर्नरवर १६ सेंटिमीटरपर्यंत ठीक. तीन लिटरचं भगुनं ठेवायचं तर नळीवाला, जमिनीलगत बसणारा बर्नर घ्या, त्याचे पाय रुंद असतात.

लांब डब्याचा, ब्रीफकेससारखा कॅसेट स्टोव्ह आपल्याकडं आता सगळीकडं मिळतो. दीडएक किलोचा, म्हणून गाडीच्या कॅम्पला उत्तम, पाठीवर नको. त्याचा डबा आडवा बसतो आणि तोंडावर एक खाच असते. ती खाच वरच्या बाजूलाच आली पाहिजे. उलटा बसला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि हातभर जाळ उठतो. हाच स्वस्त डबा ॲडॅप्टर लावून छोट्या बर्नरवर चालवतात. तिथंही तो आडवा असेल तर खाचेचा नियम लागू. पुन्हा भरलेला डबा मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

ब्यूटेन शून्याच्या आसपास, नेमकं उणे ०.५ अंशाला, वायू व्हायचं थांबतं. म्हणून हिमालयात आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण लागतं. आपल्या डिसेंबरात पहाटे ब्यूटेनचा डबा थोडा कुरकुरतो, अंगावरच्या पांघरुणात रात्रभर ठेवला की सरळ होतो. आपल्याला खरी भीती उन्हाची. ५० अंशांच्या वर तापू देऊ नये असं डब्यावरच लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात बंद गाडी सहज त्याच्या पुढं जाते. डिकीत डबा ठेवून गाडी उन्हात लावू नका.

रेल्वेनं जाणाऱ्यांनी गॅस नेऊच नये. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४: धोकादायक वस्तू नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. रिकामं भगुनं आणि बर्नर न्या, डबा पुण्या-मुंबईत उतरून घ्या.

चुलीची हौस असेल तर जागा बघून. गौताळा अभयारण्यात जाळाचा विचारही नको, आणि देवगिरीसारख्या पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यात स्वयंपाकच मना आहे, गॅसवरचाही. गावालगत, मालकाला विचारून तीन दगड मांडले तर भगुन्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ हात फिरवा, मगच चढवा. काजळी मातीवर धरते आणि नंतर मातीबरोबर सुटते. आमच्या आजीची पिढी हे रोज करायची.

कान, काठ आणि सांडशी

भांडं निवडताना लोक धातू बघतात, लिटर बघतात, आणि जे हातात धरायचंय ते बघत नाहीत. अंधारात, उंचसखल जमिनीवर, एक लिटर उकळतं पाणी उचलायचंय. लोक भाजतात ते इथंच.

कॅम्पिंगच्या भांड्यांना तारेचे घडीचे कान असतात, वर सिलिकॉनची नळी. गॅसवर छान. चुलीवर जाळ कडेनं वर येतो आणि नळी वितळते. कान उघडल्यावर खटकन बसतात का, की हिंदकळतात, हे दुकानातच बघा: दोन तृतीयांश पाणी भरून उचला आणि ओतायच्या कोनात कलतं करा. चांगला दुकानदार याला नाही म्हणणार नाही. मी तर नळाखाली भरून देतो.

आपल्या भगुन्याला कान नसतात, पण बाहेर वळलेला काठ असतो आणि त्याला सांडशी घट्ट बसते. मला हीच जोडी पसंत. सांडशी झाकण उचलते, तवा धरते, चुलीतला निखारा सरकवते. फक्त ती भारी लोखंडी नको, हलकी स्टीलची घ्या आणि निवडलेल्या भगुन्यावर लावून बघा. काही परदेशी धाटणीच्या भांड्यांचा काठ सरळ कापलेला असतो, तिथं ती निसटते. बूडही बघा. काउंटरवर भगुनं ठेवून काठावर बोट दाबा. डुगडुगलं तर ते बर्नरच्या तीन काड्यांवर उभं राहणार नाही. तांब्या, गोल बुडाची कढई याच कारणासाठी बाद.

झाकण खोलगट असेल तर ते ताटली होतं, एक नग कमी. घट्ट बसणारं हवं, पण क्लिपचा, रबराच्या कडेचा जेवणाचा डबा कधीच आगीवर ठेवू नका. वाफेला वाट नसते.

हे नको

नॉन-स्टिक. २६० अंशांच्या वर तो थर खराब व्हायला लागतो आणि लहान बर्नरची एकवटलेली ज्योत कोरड्या पॅनला तिथवर फार लवकर नेते. वर मित्राच्या हातात स्टीलचा चमचा असतोच. एकट्यानं जपून वापरणार असाल तर तुमची मर्जी.

घडी होणारं सिलिकॉनचं भांडं. बूड धातूचं, अंग रबरासारखं. जागा खरंच वाचते, पण ज्योत बुडाच्या बाहेर गेली की अंग जळतं. वाऱ्यात ज्योत कुठं जाईल ते कोण सांगणार.

दुहेरी पत्र्याचा मग आगीवर. चहा गरम राहतो, ओठ भाजत नाही, सगळं खरं. पण दोन पत्र्यांमध्ये कोंडलेली हवा तापून फुगते आणि तो फुटू शकतो. प्यायला दुहेरी, तापवायला एकेरी.

कुकर. यावर आमच्या लातुरात वाद होतो, कारण इथला माणूस तूरडाळ सोडायला तयार नसतो. गाडीच्या कॅम्पला दीड-दोन लिटरचा लहान कुकर जरूर न्या, गॅस वाचतो. पाठीवर मात्र एक किलोच्या वर ओझं कशाला? पाणी दर ३०० मीटरला साधारण एक अंश लवकर उकळतं. म्हैसमाळच्या हजारभर मीटरवर ९६-९७ला, कळसूबाईच्या १६४६ मीटरवर ९४-९५ला. एवढ्या फरकानं आपल्या डोंगरांत भात अडत नाही, मूग-मसूरही नाही. हिमालयात साडेतीन हजार मीटरवर डाळ अडून बसते, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडं खिचडीला पाच-सात मिनिटं खळखळून उकळी द्या, गॅस बंद करा, घट्ट झाकण लावून भगुनं सोलापुरी चादरीत गुंडाळा आणि अर्धा तास गप्पा मारा. डाळ आधी तासभर भिजवलेली असली की उघडल्यावर दाणा मऊ असतो आणि बूड लागलेलं नसतं. हे जर्मनच्या पातळ भगुन्यातही जमतं, कारण करपायला खाली जाळच नसतो.

माझ्या सॅकमध्ये

दीड लिटरचं हार्ड ॲनोडाइज्ड भांडं खोलगट झाकणासकट, हलकी सांडशी, स्टीलचा एकेरी ग्लास, लांब दांड्याचा एक चमचा, बर्नर. गॅस सोडून सगळं मिळून पाचशे ग्रॅमच्या आतबाहेर. पळी, झारा, उलथनं काही नाही. पोह्याच्या चमच्यापेक्षा लांब, भगुन्याच्या तळाला पोचून हात वर राहील असा चमचा सगळं करतो. तुम्हीही घरातलं सामान किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकदा एकेक ठेवून बघा. कुणीही अर्धा किलो घरीच ठेवून येतो.

भांड्यांच्या मध्ये सुती फडका घाला, चालताना खुळखुळत नाही आणि तोच फडका पुसायला होतो. काजळी धरलेल्या भांड्याला बाजाराची जुनी कापडी पिशवी.

धुण्याचं लातूरकराला कुणी शिकवू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा अख्खं शहर तांब्याभर पाण्यात भांडी घासायला शिकलं. भाकरीच्या तुकड्यानं भगुनं पुसून तो तुकडा खाऊन टाका. उरलेलं वाळलेल्या पानानं खरवडा. मग ग्लासभर पाणी घालून एक उकळी, फडक्यानं फिरवा, झालं. ते पाणी टाक्यापासून लांब जमिनीवर ओता. टाक्यात भांडं बुडवू नका, ते दुसऱ्या कुणाचं प्यायचं पाणी असतं. राख स्टीलला चालते. ॲनोडाइज्ड भांड्याला लावू नका, राखेतला क्षार तो वरचा थर खातो. त्याला साबणाचा थेंब आणि मऊ स्पंज.

घरी आल्यावर सगळं उघडं करून वाळवा आणि मगच एकात एक घाला. ओलं बंद केलेलं ॲल्युमिनियम पुढच्या ट्रेकपर्यंत पांढऱ्या ठिपक्यांनी भरतं. बाहेरून बुडाला राहिलेल्या काळ्या डागांच्या मागं लागू नका, त्यानं शिजण्यात काही फरक पडत नाही. पण मोडीत घेऊन याल तेव्हा घासून आणा, काट्यावर काजळीचं वजन मी धरत नाही.